तटरक्षक दलाचं गस्ती जहाज कसं घडतं? कोल्हापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उमेदीची बरीच वर्षं मी गोदीत जहाजांच्या सांगाड्याची तपासणी करण्यात घालवली आणि आता उद्यमनगरात बसतो. टपरीवर चहा सांगितला की कुणीतरी विचारतंच, "बोटीचं काय ते सांगा की राव." फिरून फिरून येणारे प्रश्न इथं एकत्र लिहिलेत. जे गोपनीय असतं ते इथं मिळणार नाही.

कोल्हापूरला समुद्र नाही. मग आपण हे कशाला वाचायचं?

वास्कोचं गोवा शिपयार्ड लांब नाही. सकाळी निघून आंबोलीचा घाट उतरला की जेवायच्या वेळेला तिथं. तटरक्षक दलाची मोठी गस्ती जहाजं तिथं बांधली जातात. आणि जहाजात जे लागतं ते ओतकाम, मशिनिंग, फॅब्रिकेशन आपल्याकडं गल्लोगल्ली चालतं.

इतिहासाचं म्हणाल तर करवीरकरांचं स्वतःचं आरमार मालवणला होतं आणि सिंधुदुर्ग कोल्हापूरच्या गादीकडं होता. 1812 च्या तहात मालवण इंग्रजांनी घेतलं, तेव्हा आपला समुद्र सुटला. मराठी आरमार म्हटलं की फक्त आंग्र्यांचं नाव घेणाऱ्यांना हे मुद्दाम ऐकवतो.

तटरक्षक दल म्हणजे नौदलच ना?

नाही. दोन्ही संरक्षण मंत्रालयाखाली, पण दलं वेगळी. तटरक्षक दलाचं काम 1 फेब्रुवारी 1977 ला सुरू झालं आणि 1978 च्या कायद्यानं त्याला रीतसर रूप आलं. नौदल युद्धासाठी. तटरक्षक दल शांततेच्या काळात समुद्रावर कायदा राखतं: तस्करी, चोरटी मासेमारी, बुडणाऱ्या बोटींची सुटका, तेलगळती. लांबून ओळखायचं तर रंग बघा. नौदलाचं जहाज करडं, तटरक्षकाचं पांढरं आणि अंगावर निळा तिरपा पट्टा. नौदलाला दिसायचं नसतं. यांना मात्र दिसायचंच असतं.

गस्ती जहाज केवढं असतं?

एक उदाहरण धरून चालू, म्हणजे पुढचे आकडे हवेत राहणार नाहीत. 'विक्रम' वर्गाची सात जहाजं लार्सन अँड टुब्रोनं चेन्नईजवळच्या कट्टुपल्लीत बांधली. लांबी साधारण 98 मीटर, रुंदी 15 मीटरच्या आसपास, वजन 2,100 टनांच्या वर. पाण्याखाली मात्र जेमतेम साडेतीन मीटर. वेग 26 नॉट (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, साधारण 1.85 किलोमीटर), पल्ला 5,000 सागरी मैल. पुढच्या डेकवर 30 मिलिमीटरची तोफ, शिवाय 12.7 मिलिमीटरच्या दोन दूरनियंत्रित बंदुका, आणि मागं हेलिकॉप्टरचा डेक.

याहून लहान ती जलद गस्ती जहाजं. कोचीन शिपयार्डनं बांधलेल्या 'आदेश' वर्गाची लांबी 50 मीटर, वेग 33 नॉट, आणि त्यांना जहाज ढकलणाऱ्या पंख्याऐवजी वॉटरजेट, म्हणजे पाण्याचा झोत मागं फेकून पुढं जायचं. ती किनाऱ्याजवळ धावतात. मोठी जहाजं थेट 200 सागरी मैलांपर्यंतचं आर्थिक क्षेत्र सांभाळतात. आपल्या देशाच्या वाट्याला असं सुमारे 20 लाख चौरस किलोमीटर पाणी आहे.

आराखड्याची सुरुवात कुठून होते?

सुरुवात चित्रानं होत नाही, मागणीच्या यादीनं होते. दल सांगतं: एवढा वेग हवा, एवढा पल्ला हवा, एवढी माणसं राहतील, हेलिकॉप्टर उतरलं पाहिजे, एवढ्या खवळलेल्या समुद्रात बोट खाली सोडता आली पाहिजे. मग नेव्हल आर्किटेक्ट लांबी-रुंदी धरतो आणि तिथून त्याची झोप उडते.

कारण एक हलवलं की सगळं हलतं. वेग वाढवायचा म्हणून इंजिन मोठं घेतलं, तर इंजिनाचं वजन वाढलं. त्याला डिझेल जास्त, म्हणजे टाक्या मोठ्या. जहाज जड होऊन पाण्यात खाली बसलं, म्हणून पाण्याचा विरोध वाढला. आणि वेग पुन्हा जिथल्या तिथं. असे फेरे मारत मारत आराखडा स्थिर होतो. शेवटी लहान मॉडेल करून ते लांबलचक हौदात ओढतात आणि विरोध मोजतात. विशाखापट्टणमच्या नौदल विज्ञान व तंत्रज्ञान प्रयोगशाळेत असा हौद आहे, मद्रास आणि खरगपूरच्या आयआयटीतही आहेत.

माझं मत विचाराल तर गस्ती जहाजाचा खरा शत्रू समुद्र नव्हे, वजन. आराखड्यात प्रत्येक वस्तूचं वजन आणि ती कुठं बसणार हे लिहिलेलं असतं. बांधताना वस्तू प्रत्यक्ष तोलून आकडा ताडून बघतात. पंप कागदावर 80 किलोचा आणि काट्यावर 95 चा निघाला की कुणाला तरी उत्तर द्यावं लागतं. केबल, रंग, इन्सुलेशन, ब्रॅकेट यांच्याकडं कुणी लक्ष देत नाही, आणि तेच गपगुमान टनाटनानं वाढतात.

एवढा पैसा घालून वेग फक्त ताशी 48 किलोमीटर?

26 नॉट म्हणजे तेवढेच, बरोबर. पण पाण्यात हिशोब वेगळा. वेग दुप्पट करायचा तर ताकद ढोबळमानानं आठपट लागते, आणि एका मर्यादेनंतर त्याहूनही जास्त, कारण जहाज स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढायला लागतं. 'विक्रम' वर्गात 9,100 किलोवॅटची दोन डिझेल इंजिनं आहेत. दोन्ही मिळून 24,000 अश्वशक्तीच्या वर. ती सगळी ताकद फक्त पाठलागाच्या तासा-दोन तासांसाठी. एरवी जहाज निम्म्या वेगानं रमतगमत फिरतं आणि 5,000 मैलांचा पल्ला त्या रमतगमत चालीतलाच असतो.

म्हणून पाठलाग जहाजानं करायचाच नाही, हे शहाणपणाचं. त्याच्या पोटात वेगवान रबरी बोटी असतात, वर हेलिकॉप्टर असतं. संशयित होडी दिसली की ते धावतात, जहाज मागून येतं.

वर एवढे मजले, तोफ, रडारचा खांब. उलटत कसं नाही?

उसाची ट्रॉली बघितलीय ना? ओझं तेवढंच, पण उंच रचलं की वळणावर जीव टांगणीला. जहाजाचंही गणित तेच, फक्त इथं पाणीही खेळात असतं. जहाज कलंडलं की पाण्याखालचा आकार बदलतो आणि पाण्याचा वर ढकलणारा जोर कललेल्या बाजूला सरकतो. तो जोर जहाजाला परत उभं करतो, पण वजनाचा मध्य पुरेसा खाली असेल तरच. त्या वर ढकलणाऱ्या जोराची रेघ जहाजाच्या मध्यरेषेला जिथं छेदते तो बिंदू वजनाच्या मध्यापेक्षा किती वर आहे, त्या अंतराला गोदीत नुसतं 'जीएम' म्हणतात.

जीएम कमी तर धोका, हे सगळ्यांना पटतं. जास्त झाला तरी पंचाईत, हे फार कुणाला माहीत नसतं. तसं जहाज लाटेत झटक्यानं सरळ होतं, दर काही सेकंदाला हिसका. खलाशी ओकून बेजार, आणि हेलिकॉप्टर उतरवणं अवघड. म्हणून बेतानंच.

हा आकडा कागदावर किती का येईना, जहाज तयार होत आलं की तो प्रत्यक्ष मोजतात. माझ्या कामातला हा सगळ्यात आवडता दिवस. वारा पडलेला, पाणी शांत. दोर सैल सोडलेले, शिडी काढून घेतलेली. टाक्या एकतर काठोकाठ भरलेल्या नाहीतर कोरड्या, कारण अर्धवट टाकीत हिंदकळणारं पाणी मोजमाप बिघडवतं. डेकवर मोजलेली वजनं ठेवलेली. आत एका उंच जागी लांब ओळंबा सोडलेला, त्याचं खालचं टोक तेलाच्या पिंपात बुडवलेलं, म्हणजे तो डुलत बसत नाही. मागं एक फळी आणि तिच्यावर पेन्सिल धरून बसलेला माणूस. वजन या बाजूचं त्या बाजूला सरकवलं की दोन हजार टनांचं धूड डोळ्यांना कळणार नाही इतकं कलतं आणि ओळंबा फळीवर काही मिलिमीटर सरकतो. त्या मिलिमीटरांवरून वजनाचा मध्य निघतो. तेवढा वेळ कुणीही जागचं हलायचं नाही. एकदा चहावाला पोरगा कामाच्या घाईत या टोकाकडून त्या टोकाला गेला, तर ते वाचन पुन्हा घ्यावं लागलं.

पोलादच का? ॲल्युमिनियम हलकं नाही का?

हलकं आहे, आणि वरच्या मजल्यांसाठी काही जहाजांत वापरतातही. पण आगीत ते पोलादाच्या फार आधी हात टेकतं, मग जाड इन्सुलेशन लावावं लागतं. दुसरं, पोलाद आणि ॲल्युमिनियम थेट जोडले आणि खारं पाणी लागलं की ॲल्युमिनियम खात सुटतं. त्यासाठी मध्ये दोन्ही धातू एकमेकांवर घट्ट बसवलेली पट्टी घालतात, एका बाजूला पोलाद वेल्ड करायचं, दुसऱ्या बाजूला ॲल्युमिनियम. महाग प्रकार. सांगाडा मात्र पोलादाचाच.

बांधतात कसं? खालून वर, घरासारखं?

पूर्वी तसंच होतं. आता ब्लॉक पाडतात. प्लेटी छर्ऱ्यांनी साफ करून प्रायमर मारायचा, संगणकावर चालणाऱ्या प्लाझ्मानं कापायच्या, शेडमध्ये एकेक ब्लॉक तयार करायचा, तोही बहुतेकदा उलटा, म्हणजे वेल्डरला डोक्यावर वेल्डिंग करावं लागत नाही. पाइप, केबलचे ट्रे, मशीनचे पाये हे सगळं ब्लॉक उघडा असतानाच बसवतात. नंतर क्रेननं ब्लॉक जागेवर नेऊन जोडायचे. शेडमध्ये तासाभरात बसणारा पाइप जहाज बंद झाल्यावर बसवायला अख्खा दिवस जातो, म्हणून ही सगळी घाई आधी.

आमचा वेल्डर भारी आहे. जहाजावर चालेल का?

हात भारी असला तरी परीक्षा द्यावी लागते. कोणत्या स्थितीत, कोणत्या जाडीला, कोणत्या पद्धतीनं, हे ठरवून सर्व्हेअरसमोर, म्हणजे काम तपासणाऱ्या संस्थेच्या निरीक्षकासमोर, नमुना वेल्ड करायचा, तो कापून-वाकवून बघतात. पास झाला तेवढ्याच कामाला हात लावायचा. शिवाय महत्त्वाच्या जोडांची क्ष-किरण किंवा अल्ट्रासॉनिक तपासणी होते, ते वेगळंच.

पण आपल्या फॅब्रिकेशनवाल्यांना खरा धक्का बसतो तो प्लेटीच्या जाडीचा. वजन वाचवायचं म्हणून गस्ती जहाजाच्या बऱ्याच प्लेटी पाच ते आठ मिलिमीटरच्या. एवढ्या पातळ पत्र्याला आतून शेकडो पट्ट्या वेल्ड केल्या की तो आखडतो, मध्ये खड्डे पडतात. संध्याकाळी बाजूला उभं राहून टॉर्च आडवा धरा, उपाशी घोड्याच्या बरगड्यांसारखी आतली एकेक फ्रेम बाहेर उमटलेली दिसते. हे फक्त दिसायला वाईट नाही. वाकलेली प्लेट दाब कमी सोसते.

इलाज म्हणजे उष्णता कमी घालणं. सलग वेल्ड न ओढता टप्प्याटप्प्यानं, मधून बाहेर, दोन्ही बाजूंनी सारखं. जिथं चालतं तिथं वेल्डही सलग न देता तुटक द्यायचा. तरी वाकलंच तर गॅसच्या ज्योतीनं मागच्या बाजूला रेघा मारायच्या आणि पाठोपाठ पाणी सोडायचं, पत्रा ओढून सरळ होतो. हे काम करणारे जुने कारागीर बोलत नाहीत, पत्र्यावर हात फिरवतात आणि खडूनं खूण करतात. नवीन इंजिनिअरनं तिथं तोंड बंद ठेवून उभं राहावं.

जहाजाचा पंखा बिडाचा (ओतीव लोखंडाचा) का नाही ओतत? आपण तर बीडच ओततो.

बीड धक्क्याला ठिसूळ, खाऱ्या पाण्यात कमकुवत. पंख्याच्या पात्यामागं दाब इतका घटतो की पाणी थंडच्या थंड उकळतं, बुडबुडे होतात आणि फुटताना धातू टोकरून काढतात. त्यासाठी निकेल-ॲल्युमिनियम ब्राँझ वापरतात. जहाजाच्या कवचाला जोडलेल्या व्हॉल्व्हलाही साधं करडं बीड नियमात बसत नाही, कारण तो फुटला तर समुद्र थेट आत.

मोठ्या जहाजांत पंख्याच्या पात्यांचा कोन चालता चालता बदलता येतो. इंजिन त्याच दिशेनं फिरत राहतं, पाती वळली की जहाज मागं जातं.

पाण्यात सोडताना नारळ फोडतात का?

फोडतात. अथर्ववेदातले मंत्रही म्हणतात आणि जलावतरण परंपरेनं एखाद्या महिलेच्या हातून होतं. पूर्वी उतारावरून घसरत जायचं, अजूनही काही गोद्यांत जातं. गोवा शिपयार्डमध्ये शिपलिफ्ट आहे, म्हणजे फलाटासकट जहाज अलगद पाण्यात उतरवतात. जलावतरण म्हणजे जहाज तयार झालं असा समज आहे. तेव्हा आतली निम्मी कामं बाकी असतात.

समुद्रातल्या चाचणीत काय बघतात?

पूर्ण ताकदीवर वेग, सुकाणू, नांगर, जनरेटर, तोफ. बघण्यासारखी चाचणी एकच. जहाज पूर्ण वेगात असताना एकदम उलट दिशेचा हुकूम द्यायचा. पाती वळतात, मागचा डेक दातखिळी बसेल असा थरथरतो, आणि किती अंतरात थांबलं ते नोंदवतात. त्या थरथरीत सैल राहिलेला प्रत्येक नट आपलं नाव सांगतो.

किती वर्षं लागतात? खर्च किती?

'विक्रम' वर्गाचा करार मार्च 2015 चा. पहिलं जहाज एप्रिल 2018 मध्ये सेवेत आलं, सातवं 'विग्रह' ऑगस्ट 2021 मध्ये. म्हणजे पहिल्याला तीन वर्षं, पुढची भराभर.

खर्चाचा अंदाज: डिसेंबर 2023 मध्ये माझगाव डॉकला नव्या पिढीच्या सहा मोठ्या गस्ती जहाजांचं काम 1,614.89 कोटींना मिळालं, म्हणजे एक सुमारे 269 कोटींना. गोवा शिपयार्डला 2022 मध्ये आठ लहान जलद जहाजं 473 कोटींना, एक साधारण 59 कोटींना.

महाग वाटतं? 'वज्र' हे जहाज मार्च 2021 मध्ये सेवेत आलं. मे महिन्यात कोलंबोजवळ एक्स-प्रेस पर्ल या कंटेनर जहाजाला आग लागली, तेव्हा ती विझवायला गेलेल्या आपल्या जहाजांत ते होतं. दोन महिन्यांचं जहाज.

आमच्या फौंड्रीला यात काम मिळेल का?

मिळेल, पण वाहनउद्योगाची सवय सोडून. तिथं हजारो नग, सारखे. इथं चार नग, प्रत्येकाचं वेगळं ड्रॉइंग, आणि नगाच्या वजनाइतके कागद. त्या चार नगांवर पॅटर्नचा खर्च कसा काढायचा, हे आधी बसून मांडा. बरेच जण इथंच माघार घेतात, आणि त्यात लाज नाही.

गोदीत थेट घुसण्यापेक्षा पंप, व्हॉल्व्ह, विंच, दारं-झाकणं बनवणाऱ्या कंपन्यांचे पुरवठादार व्हा. उद्यम नोंदणी आणि सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर नाव हवंच. संरक्षण मंत्रालयाचं 'सृजन' पोर्टल 2020 पासून चालू आहे, परदेशातून येणारे कोणते भाग इथं बनवून हवेत त्याची यादी तिथं असते. रविवारी दोन तास बसून ती चाळा, हे मी दहा जणांना तरी सांगितलं असेल.

ओळखीच्या एका फौंड्रीवाल्याचं सांगतो. ब्राँझची व्हॉल्व्ह बॉडी ओतली, मशिनिंग झकास, गळती चाचणीत पास. तरी सर्व्हेअरनं हात लावला नाही. टेस्ट बार (धातू तपासायची नमुना कांडी) त्याच हीटमधून, म्हणजे भट्टीच्या त्याच वितळीतून, ओतलेला होता, पण त्याच्यावर हीट नंबर ठोकला नव्हता. आता हा बार याच धातूचा हे सिद्ध कसं करणार? सगळा लॉट बाजूला. पठ्ठ्या महिनाभर चिडून होता. पण समुद्रात व्हॉल्व्ह फुटला तर कोणत्या दिवशीच्या, कोणत्या भट्टीतल्या धातूचा होता हे शोधता आलंच पाहिजे. मुंबईचं इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग असो की दुसरी कुठली वर्गीकरण संस्था, या बाबतीत कुणीच सूट देत नाही. नंबराचे ठोकळे आणि हातोडी भट्टीपाशीच ठेवा.

पोरगं डिप्लोमा करतंय. त्याला वाट काय?

जहाज चालवायचं असेल तर तटरक्षक दलात मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमावाल्यांसाठी 'यांत्रिक' ही भरती असते. बारावीला गणित-भौतिकशास्त्र असेल तर 'नाविक' जनरल ड्युटी. पदवीधरांना सहायक कमांडंट. वयाची अट कडक आहे, म्हणून जाहिरात दलाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर बघा. "आतून लावून देतो" म्हणणाऱ्याला दारातूनच वाटेला लावा.

जहाज घडवायचं असेल तर नेव्हल आर्किटेक्चर. खरगपूर आणि मद्रास आयआयटी, कोचीचं कुसाट विद्यापीठ, विशाखापट्टणमचं इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीचं केंद्र. आणि डिप्लोमावाल्याला गोदीत तपासणी, वेल्डिंग, पाइपिंगमध्ये कायम मागणी. पगार मोजून घ्या, पण उन्हाळ्यात बंद टाकीत शिरून तपासणी करायची तयारी ठेवा. ब्लोअर चालू आहे का, हवा तपासलीय का, बाहेर माणूस उभा आहे का, हे तिन्ही बघितल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. साहेब म्हणाला तरी नाही.

प्रत्यक्ष जहाज बघायला मिळेल का?

गोदीत असं कुणालाही सोडत नाहीत. 1 फेब्रुवारीच्या तटरक्षक दिनाच्या आसपास काही बंदरांत विद्यार्थ्यांना जहाजं दाखवतात. शाळा-कॉलेजनं लेटरहेडवर आधी पत्र पाठवलं तर बरं पडतं. रत्नागिरीला दलाचं ठाणं आहे, आपल्याला तेच जवळचं. जाताना आधार कार्ड न्या, चप्पल नको, बूट घाला, कारण आतल्या शिड्या सरळ उभ्या असतात. फोटोचं आधी विचारा. आणि आत गेलात तर ब्रिजवर (जिथून जहाज चालवतात तिथं) गर्दी करण्यापेक्षा इंजिनरूम दाखवा म्हणून हट्ट धरा.